जूनपर्यंत थांबा

तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. सफरचंद कुठे पिकते? काश्मीर, कुलू, सिमला. का? थंड हवामान. फळ्यावर हे किती वेळा लिहिले असेल, देव जाणे! आणि आता आमच्या सांगलीच्या परसात, कढीपत्त्याच्या शेजारी सफरचंदाची दोन झाडे उभी आहेत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे वाचले तर हसतील खुशाल.

ही कमी थंडीवर फळणारी जात, 'एचआरएमएन-९९'. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी घरामागे टाकलेल्या बियांतल्या एका रोपापासून ती वाढवली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. (बी लावले की तेच फळ येत नाही, दरवेळी वेगळेच निघते. म्हणून कलमच लावायचे.)

आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सफरचंदाची मुळे त्यात कुजतात. पहिले रोप असेच गेले. मग ह्यांनी खड्ड्यात मुरूम-वाळू घातली, वर उंचवटा केला. पण खरी गंमत डिसेंबरात असते. सिमल्याकडे थंडीने पाने आपोआप गळतात, झाड झोपते आणि पुरेशी थंडी झाली की मगच फुलते. नेहमीच्या जातींना सात अंशांखालची थंडी आठशे-हजार तास तरी लागते. आमच्याकडे स्वेटर कपाटातून निघतो आणि तसाच परत जातो! म्हणून पाणी तोडायचे आणि एकेक पान हाताने खुडायचे. पहिल्या वर्षी माझा हातच धजेना. हिरवीगार पाने हो! पण दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगले आणि गुलाबी कळ्या आल्या. त्यातही घोसात एकच फळ ठेवून बाकीची काढायची. ते मला अजून नीट जमत नाही, दोन ठेवतेच.

असो. यंदा मात्र पाने खुडावीत की नाही असा प्रश्न होता. मुलगा म्हणतो, "आई, घर विका आणि पुण्याला या." त्याचे चूक नाही. ह्यांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. हे म्हणाले, "झाडापायी कुणी घर अडवून ठेवतं का?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल धरायला परसात हेच उभे! दोघांनी मिळून तीन दिवसांत दोन्ही झाडे बोडकी केली.

त्याच आठवड्यात घर बघायला एक गृहस्थ आले. परसात येताच म्हणाले, "ही वाळलेली झाडं तोडूनच द्याल ना?"

मला राग यायला हवा होता, पण मी त्यांना जवळ नेले. नखाने साल जराशी खरवडून आतला हिरवा रंग दाखवला, फुगू लागलेले डोळे दाखवले. शिक्षकी सवय, दुसरे काय! दहा मिनिटे ऐकून घेतले बिचाऱ्यांनी. शेवटी विचारले, "फळं कधी येतात?"

"जूनमध्ये."

मग म्हणाले, "तर ताबा जूननंतर द्या. मला घाई नाही. आणि ते पानांचं मला लिहून द्या."

लिहून ठेवले आहे. मुलाला अजून काही सांगितलेले नाही. तो हे वाचेलच.