लेस्टरचे जिनालय आणि परिचारिकेचा दूरध्वनी

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या लेस्टर नगरीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जैन सेंटर आहे. वास्तू मूळची ख्रिस्ती प्रार्थनागृहाची. १९८८ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर व दिगंबर मंदिरे आणि स्थानकवासी उपाश्रय येथे एकाच छपराखाली नांदतात. आपल्याकडे हे क्वचितच साधते! येथील पुष्कळ कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती. त्यांतील वडीलधारी मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

दर्शनानंतरच्या गप्पांत ‘नर्सचा फोन’ हा विषय निघाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका आल्यास येथील डॉक्टर प्रथम घरीच शौचाचा नमुना घ्यावयास सांगतात. त्यात डोळ्यांस न दिसणारे रक्त शोधतात. शंका टिकली, तर पूर्वी तज्ज्ञांच्या भेटीसाठी ताटकळावे लागे. आता अनेक रुग्णालयांत अनुभवी परिचारिका दूरध्वनीवरूनच हृदयविकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी करते आणि रुग्णास थेट दुर्बिणीच्या तपासणीस पाठविते. मधली एक फेरी वाचते. तातडीची चिठ्ठी निघाल्यापासून २८ दिवसांत कर्करोग आहे की नाही ते रुग्णास कळावे, असे सरकारी उद्दिष्ट आहे.

अडचण उद्भवते ती आपल्या आचारात. तपासणीपूर्वी आतडे स्वच्छ करणारे औषध भरपूर पाण्यासह, बहुधा आदल्या सायंकाळी घ्यावयाचे असते. डिसेंबरात लेस्टरला चारच्या आधी सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या आजी फोनवर साऱ्याला ‘हो’ म्हणतात आणि औषध तसेच राहते. मग आतडे नीट दिसत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते आणि हातचे दिवस जातात. दुपारची वेळ मिळाल्यास काहींना सारे औषध त्याच सकाळी घेता येते. पण ते परिचारिकेस आधी सांगावयास हवे. प्रत्याख्यानात सर्वसमाधीचा आगार आहेच. आजारात औषधाची मोकळीक त्यातूनच मिळते. महाराजसाहेबांना विचारून तो घेण्यात कमीपणा कसला?

दूरध्वनीवर चेहऱ्याचा फिकेपणा दिसत नाही, हे उणे खरेच. त्याहून मोठे उणे घरातले. सून दुभाषी झाली की सासूबाई शौचातील रक्ताविषयी बोलत नाहीत. रुग्णालयाकडे गुजराती दुभाषी मागता येतो आणि त्यास पैसे पडत नाहीत. सेंटरमधील एक काका हे प्रत्येक नवागतास आवर्जून सांगतात; प्रसादाच्या रांगेतसुद्धा.