ओलित आणि कोरडवाहू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस एकरी किती क्विंटल झाला, एवढं सांगून भागत नाही. ऐकणारा आधी विचारतो, शेत घाटावरचं का घाटाखालचं? ओलित का कोरडवाहू? राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की माती काळी, खोल होत जाते; उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वर चिखली-मेहकरकडे एखादा पट्टा भारी, तर बांधापलीकडे नुसता मुरूम. त्या मुरमातले चार क्विंटल मोठे का विहिरीच्या पाण्यावरचे दहा, हे इथं नुसत्या काट्यावर ठरत नाही.

पण तीच माणसं संध्याकाळी टपरीवर बसली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की सरळ काटा काढतात. ‘सचिनची 51, सुनीलची 34. झालं का बावा?’ एका पारड्यात 15,921 धावा, दुसऱ्यात 10,122. निकाल लागला, चहा आला.

मला ही मोजणी कधी पटली नाही. मी फलंदाजाची जमीन विचारतो. आणि जमीन बघायची तर हरलेले सामने बघावेत. जिंकलेल्या सामन्यात सगळंच रान हिरवं दिसतं.

सांगलीत जन्मलेले विजय हजारे. जानेवारी 1948, ॲडलेड. समोर ब्रॅडमनचा संघ, त्यांच्या 674 धावा, त्यांत खुद्द ब्रॅडमनच्या 201. पहिल्या डावात हजारेंनी 116 केल्या, दत्तू फडकरांनी 123. फॉलोऑन मिळाल्यावर हजारे पुन्हा उभे राहिले आणि 145 करून आले. त्याच डावात आपले सहा जण शून्यावर गेले. लिंडवॉलनं सात बळी घेतले. डोक्यावर हेल्मेट नाही, पाठीशी फलंदाजी नाही. भारत एक डाव आणि 16 धावांनी हरला. खेळपट्टी वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. 674 काही खडकावर उगवत नाहीत. पण माती चांगली असून पिकावर टोळधाड आली, तर उभं राहिलेल्या चार ताटांचं मोल कसं करायचं?

मग मार्च 1987, बंगळूर. ही जमीन मात्र खरोखर नापीक. मणिंदरसिंगनं 27 धावांत सात बळी घेऊन पाकिस्तानला 116 मध्ये गुंडाळलं, आणि आपणही 145 वर आटोपलो. चौथ्या डावात 221 हवे होते. चेंडू कधी हातभर वळायचा, कधी पावलाजवळून उसळी घ्यायचा. गावसकर पाच तासांहून जास्त वेळ तिथं होते. बॅट सैल धरलेली, चेंडू मरून पायाशी पडलेला, पुन्हा तीच तयारी. टपरीवरचे एक काका अजून सांगतात, ‘त्या दिवशी तो खेळत नव्हता, राखण करत होता.’ 96 वर इक्बाल कासिमनं त्यांना बाद केलं. त्या डावात दुसऱ्या कुणाही फलंदाजाला 26 च्या पुढं जाता आलं नाही. 16 धावांनी हार, आणि गावसकरांची ती शेवटची कसोटी. शतक नाही म्हणून त्या 34 च्या यादीत ही खेळी नाही. ज्या यादीत ही खेळी मावत नाही, ती यादी पुढं करून माझ्याशी वाद घालू नये.

तिसरी खेळी चेन्नईची, जानेवारी 1999. पुन्हा पाकिस्तान, पुन्हा चौथा डाव, हवे होते 271. पाच बाद 82 वरून सचिननं मोंगियाला सोबत घेऊन डाव ओढत आणला. पाठ धरलेली, तरी मारत राहिला. 136 वर सकलेननं त्याला घेतलं तेव्हा 17 धावा हव्या होत्या. उरलेल्या तीन विकेट चार धावांत गेल्या. 12 धावांनी गेलो. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी कुणाशी नीट बोललं नाही, आणि तिकडं चेन्नईकर मात्र उभे राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवत होते. ती दिलदारी आम्हाला तेव्हा जमली नसती.

आता लावा क्रम. माझा पहिला 96. सचिनला मोंगियाचा आधार मिळाला, हजारेंना बरी खेळपट्टी मिळाली. गावसकरांना काहीच नाही. काकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ॲडलेडला जो दोनदा उभा राहिला तो पहिला, कारण एकदा मोडलेल्या रानात पुन्हा पेरायला वेगळी छाती लागते. त्यात कुणीतरी भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव काढतं. डिसेंबर 1948, पुणे, काठियावाडविरुद्ध नाबाद 443; ब्रॅडमनचा 452 चा विक्रम दहा धावांवर आलेला, आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. सातबाऱ्यावर नावच न चढलेल्या माणसाचा उतारा कुठल्या रकान्यात लिहायचा?

इथपर्यंत माझा नियम टिकतो. पण परवा एका पोरानं मला विचारलं, ‘अन् वसीम जाफरचं काय हो?’ मार्च 2018, इराणी करंडक, नागपूर. विदर्भ 7 बाद 800, त्यांत जाफरच्या 286, वय चाळिशीला टेकलेलं. माझ्याच हिशेबानं ही पाटाच्या पाण्यावरची जमीन. निम्म्या धावा वजा करायला हव्यात. त्यातून माणूस मुंबईचा. पण त्याच हंगामात विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला होता. 1957-58 पासून आम्ही रणजीत नांगर धरून उभे होतो.

‘वजा काही करायचं नाही,’ मी म्हणालो. ‘सगळ्या धर.’

काका हसले. ‘आता कशी जमीन नाही विचारत बे?’