मेज कोणाच्या मापाचे?

सावंतवाडी

चि. मुकुंद यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

संगणकासाठी घरच्या घरी लाकडी मेज करण्याचा तुझा मनोदय वाचून संतोष झाला; परंतु सोबत जो आराखडा तू धाडला आहेस, ज्यात सीपीयूच्या पेटीस निराळा कप्पा, कळफलकास सरकती फळी, प्रिंटरसाठी माथ्यावर मजला आणि सीडींसाठी उभे खण अशी एखाद्या संस्थानच्या दप्तरखान्यास शोभेलशी तरतूद आहे, त्यास माझी मंजुरी नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशी मेजे घरोघर आली. तेव्हाचे पडदे हातभर खोल, म्हणून मेजेही तशीच ऐसपैस करावी लागत. पुढे पडदे चपटे झाले, सीडी नामशेष झाल्या, आणि ते सारे खण विजेची जुनी बिले व धूळ यांच्या हवाली झाले. लाकडाचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून कितीतरी दीर्घ असते. यास्तव मेज यंत्राच्या मापाने न करता बसणाऱ्याच्या मापाने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते माप असे घे. नित्याच्या खुर्चीवर पावले जमिनीस सपाट टेकवून बस, दंड अंगालगत सैल सोड आणि कोपर काटकोनात वाकव. जमिनीपासून कोपरापर्यंत जे अंतर भरेल तीच मेजाची उंची. बाजारातली मेजे बहुधा २९ ते ३० इंच उंच असतात, आणि मध्यम उंचीच्या आपल्याकडील माणसास ती चढच पडतात. खांदे वर ओढले जाऊन मान आखडते, नि दोष मात्र कचेरीच्या कामास लागतो.

मांडणी साधी असू दे: चार पाय, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, आणि वर ४ फूट लांब व २ फूट रुंद फळी. फळीस मध्यावर झोळ येईल या धास्तीने लोक जाड लाकूड घेतात. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो हे खरे, पण तेच कार्य फळीखाली उभ्या कडेवर बसविलेली ४ इंची पट्टी अल्प खर्चात करते. झोळापेक्षा मेजाचे डुलणे अधिक त्रासदायक. त्यावर उपाय म्हणजे मागील दोन पायांच्या मध्ये एक रुंद फळी पक्की बसविणे. पट्ट्यांच्या टोकांस कुसू काढून पायांच्या खोबणीत सरसाने बसविता आले तर उत्तमच, न जमल्यास स्क्रू आहेतच. सरस म्हणजे अर्थात आताचा फेविकॉल. १९५९ साली तो बाजारात येण्यापूर्वी सुतार जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस कढवीत, आणि त्याच्या दुर्गंधीने आळीस वर्दी मिळे की अमक्याकडे काम निघाले आहे!

लाकडाविषयी तू विचारलेस. आमच्या कोकणात आषाढ लागला की दारे चौकटीत अडकतात, कारण लाकूड दमट हवेने लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते. म्हणून अखंड फणसाची वा सागाची फळी घेतलीस तर ती खालून घट्ट जखडू नकोस. स्क्रूची भोके लांबट ठेव, म्हणजे फळीस हलण्यास वाव राहील, अन्यथा ती हटकून तडकेल. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्यामुळे हा उपद्रव नाही. ८ बाय ४ फुटांच्या १९ मिलिमीटर जाड तक्त्यातून फळी दुकानातच कापून घ्यावी, आणि उघड्या कडांस सागाची बारीक पट्टी लावावी. काम तुझ्या पुण्याच्या सदनिकेत करायचे, अनुभवही नवा, म्हणून मी प्लायवूडच्याच बाजूचा. पाय मात्र सागाचे असावेत, ही माझी हौस समज.

चपडा लाखेचे पॉलिश पावसाळ्यात करू नकोस, दमट हवेत त्यावर पांढरट झाक धरते. ते काम दसऱ्यानंतर. तोवर कोऱ्या लाकडावर चहाचा पेला ठेवण्यास घरातील सर्वांस मनाई असावी. सौ. सूनबाईस आशीर्वाद सांग, आणि करवत लावण्यापूर्वी भुशाविषयी तिची संमती घे.

कळावे.
तुझा
काका