माल फळीवर, कॉम्प्युटर म्हणतो नाही

डेटाबेसलासुद्धा वर्णमाला लागते! इतकी वर्षं टेबलं बांधते आहे, बॅकअप घेते आहे, रात्री-बेरात्री फोन उचलते आहे, आणि ही गोष्ट मला आत्ता कळली. तेव्हापासून जो भेटेल त्याला धरून मी हायफनबद्दल ऐकवते आहे. घरचे आता विषय बदलतात. म्हणून तुमच्याकडे आले.

सर्व्हर सांगलीतल्या एका ट्रॅक्टर स्पेअर पार्ट वितरकाचा. जुनं मशीन थकलेलं, त्यावर डेबियन ९. नव्या मशीनवर डेबियन १० चढवलं. पोस्टग्रेस दोन्हीकडे तेच, ११. आवृत्ती तीच असल्यामुळे डेटाची अख्खी डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नेता येते, तशी नेली. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात. १० चं नाव बस्टर, म्हणजे त्या सिनेमांतला कुत्रा. चावला तो, पण जरा उशिरा.

आधी नुसता गुरगुरला. सर्व्हर सुरूच होईना. स्टेटस विचारलं तर हिरवं ‘ॲक्टिव्ह’, जोडायला गेलं तर कोणी नाही. डेबियनची ही एक खोड आहे. ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नावाची सर्व्हिस नुसती वरची पाटी असते, खरी सर्व्हिस तिच्या पोटात ‘११-मेन’ या नावाने चालते. तिचा लॉग उघडला तर स्पष्ट लिहिलेलं: कॉन्फिगरेशनमधलं ‘एन-आयएन’ हे लोकेल, म्हणजे देश आणि भाषेची खूण, या मशीनला माहीत नाही. जुन्या मशीनवर इन्स्टॉल करताना देश भारत निवडला होता, म्हणून भारतीय इंग्रजीचं लोकेल तिथे आपोआप आलं होतं. नव्यावर कोणी टाकलंच नव्हतं. टाकलं, सर्व्हर उठला, आणि सगळे जेवायला गेले.

मला मात्र ते लोकेल डोक्यातून जाईना. डेटाबेसला देश आणि भाषा कशाला लागते?

दुसऱ्या दिवशी काउंटर सांभाळणाऱ्या दादांचा फोन. ‘ताई, माल फळीवर आहे, कॉम्प्युटर म्हणतो नाही.’ पार्ट नंबर ४-५२०, एक बेअरिंग. मी सर्व्हरवर तोच नंबर शोधला. शून्य ओळी. मग बेअरिंगांची अख्खी यादी काढली, तर त्यात ४-५२० डोळ्यांसमोर! स्पेस नाही, शून्याच्या जागी ‘ओ’ नाही, काही नाही. नाव घेऊन हाक मारली की गायब, रांगेत बघितलं की हजर.

तेव्हा मी त्या सेशनपुरता इंडेक्स वापरणं बंद केलं. पोस्टग्रेसला तसं सांगता येतं: इंडेक्स स्कॅन नको, बिटमॅप स्कॅन नको, टेबल वरपासून खालपर्यंत वाच. तीच क्वेरी परत चालवली. एक ओळ! इंडेक्स चालू केला, शून्य. बंद केला, एक. लहान मुलासारखी मी ते बटण खालीवर करत बसले होते. टेबल खरं बोलत होतं, इंडेक्स खोटं.

पण फाइल खराब नव्हती, डिस्क ठणठणीत होती. मग इंडेक्स खोटं का बोलेल? इथून पुढे जे उलगडत गेलं त्याने माझी झोप उडाली, आणि चांगल्या अर्थाने उडाली.

पोस्टग्रेसचा नेहमीचा इंडेक्स म्हणजे बी-ट्री. बायर आणि मॅक्राइट या जोडीने १९७० च्या सुमारास बोइंगमध्ये काम करताना ही रचना काढली. आठ-आठ केबीची पानं, वरच्या पानावर ‘याच्या आधीचं डावीकडे, याच्या पुढचं उजवीकडे’ अशा पाट्या. लाखो नोंदींतून तीन-चार पानं उलटली की हवी ती हाती. सगळी भिस्त एका गोष्टीवर: ‘आधीचं’ कोणतं आणि ‘पुढचं’ कोणतं हे ठरलेलं हवं. मजकुरासाठी ते कोण ठरवतं? पोस्टग्रेस नाही! ते विचारतं ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला, जीलिबसीला, आणि जीलिबसी बघते लोकेलकडे. लोकेल नाही म्हणून सर्व्हर अडून बसला होता त्याची अर्धी गोष्ट ही.

उरलेली अर्धी अशी. १ ऑगस्ट २०१८ ला जीलिबसी २.२८ आली आणि तिने अक्षरक्रमाचे तक्ते आयएसओ १४६५१ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार नव्याने बसवले. डेबियन ९ मध्ये जीलिबसी २.२४, डेबियन १० मध्ये नेमकी २.२८. जुन्या तक्त्यात पहिल्या तुलनेत हायफन जमेलाच धरला जात नसे, म्हणजे ४-५२० हा ४५२० सारखा वाचायचा आणि ४१०० च्या पुढे, उजवीकडे बसायचा. नव्या तक्त्यात हायफनला स्वतःचं स्थान आहे, तेही अंकांच्या आधी. म्हणून आता ४-५२० येतो ४१०० च्या डावीकडे. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोधणारा नव्या क्रमाने चाललेला. शाळेच्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी असतात, काही शब्दकोशांत क्ष ‘क’च्या पोटात असतो. एका हिशोबाने लावलेल्या पुस्तकात दुसऱ्या हिशोबाने शोधा, क्षमा काही सापडायची नाही.

साधे, बिनहायफनचे नंबर बहुतेक सापडत होते. पण त्यातलाही एखादा हरवे, कारण वाटेतल्या पानावरची पाटी हायफनवाली निघे. बिल नंबरांचा इंडेक्स मात्र शाबूत, कारण ते निव्वळ पूर्णांक. बाइटच्या क्रमाने चालणारं ‘सी’ कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, असतं तरीही काही बिघडलं नसतं.

पटवून घ्यायला एक प्रयोग आहे आणि तो मला अजून भारी वाटतो. दोन ओळी लिहा: १-१ आणि ११. युनिक्सच्या सॉर्ट कमांडला द्या. जुन्या डेबियनवर आधी ११ येतो, नव्यावर आधी १-१. जुनं मशीन अजून कपाटाशेजारी चालू होतं. दोन स्क्रीन शेजारी ठेवून बघितलं आणि अंगावर काटा आला. मग ‘ॲमचेक’ हे पोस्टग्रेससोबत येणारं एक्स्टेन्शन चालवलं, त्यानेही क्रमाचा नियम मोडल्याचं इंडेक्सचं नाव घेऊन सांगितलं.

वाईट भाग पुढे. ‘नाही’ म्हटल्यावर काउंटरवर तोच पार्ट नव्याने भरला गेला होता. त्या कॉलमवर युनिक बंधन आहे, पण बंधन तपासणारा इंडेक्सच डावीकडे बघतोय आणि जुनी नोंद उजवीकडे. त्याने खुशाल आत घेतलं. एकाच नंबरच्या दोन ओळी, दोघींच्या नावावर वेगवेगळा स्टॉक आणि वेगवेगळी बिलं. इंडेक्स नव्याने बांधायला, म्हणजे रीइंडेक्स करायला, गेले तर पोस्टग्रेस म्हणालं, डुप्लिकेट आहेत, युनिक इंडेक्स बनणार नाही. बरोबरच आहे त्याचं. दुकान बंद झाल्यावर दादा आणि मी फळीवरचा माल मोजत, बिलं एका ओळीवर वळवत, दुसरी ओळ काढत बसलो. ते काम कंटाळवाणं होतं, त्यात काही शोध-बिध नव्हता. नंतरचं रीइंडेक्स चहा येईपर्यंत आटोपलं, आणि ४-५२० पहिल्या हाकेला आला.

पोस्टग्रेस ११ ने यातलं काहीच सांगितलं नाही, कारण जीलिबसीच्या कोलेशनची आवृत्ती ते नोंदवतच नाही. १३ पासून ती नोंद सुरू झाली, आणि डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती जुळली नाही तर इशारा मिळतो तो १५ पासून. तोही नुसता इशारा. तो आला की काही जण लगेच आवृत्तीची नोंद ‘रिफ्रेश’ करून मोकळे होतात. तसं करू नका. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. आणि मुख्य सर्व्हर जुन्या डेबियनवर, रेप्लिका नव्यावर अशी जोडी चालवत असाल तर रेप्लिकावर हाच घोटाळा मुकाट्याने चालू असतो.

पीजी-डंपने डेटा काढून नव्या मशीनवर भरला तर इंडेक्स तिथेच नव्याने बांधले जातात, चिंता नाही. पण डिरेक्टरी उचलून नेली असेल, किंवा त्याच मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली असेल, तर दुकान उघडण्याआधी जुन्या-नव्या जीलिबसीची आवृत्ती बघा. २.२८ ही रेघ मध्ये येत असेल तर मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, हायफन दिसो वा न दिसो.