खालचं आधी

जिंतूर-मंठा रस्त्यावरून सेलूकडं जिथं वळतात, तो आमचा देवगाव फाटा. एसटीची वाट बघणारी माणसं, चहाच्या टपऱ्या, आणि त्यांच्या ओळीत मिस्त्रीमामांचं पत्र्याचं गॅरेज. मामा चौथी शिकलेले. पण बुलेट लांबून येतानाच 'टॅपेट ढिले झालेत' म्हणून सांगायचे. बारावीनंतर दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाने उचलून देत होतो.

एका दिवाळीनंतर शेजारच्या गावचा एक पोरगा जुनी बुलेट घेऊन आला. गाडी त्याच्या वडिलांची. वडील वर्षापूर्वी गेलेले. खिशात सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आणि हातात पुण्याहून मागवलेलं कॅमचं खोकं.

"मामा, हे टाका. गाडी पळाली पायजे."

मामांनी कॅम हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला. "माल चांगला हाय. पण आधी खालचं बघू."

"खालचं कशाला? इंजन मस्त चालतंय की."

"वरून कीर्तन, आतून तमाशा असतो लेकरा."

नव्या कॅमची उंची जास्त. त्यामुळं व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो, आणि गाडी वरच्या फेऱ्यांत जोर धरते. पण तो जोर सोसायचा कुणी? जुन्या बुलेट ३५० चा पिस्टन एका फटक्यात ९० मिलिमीटर जातो. मिनिटाला ५००० फेरे धरले, तर सेकंदाला ८३ वेळा वर जाऊन खाली येतो. दर वेळी त्याला थांबवून माघारी ओढायचं काम कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन करतात. फेरे दीडपट झाले की हा ताण दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. झिजलेल्या क्रँकवर तेज कॅम म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत जुंपणं.

मामांनी हेड उतरवलं, बोअर काढला, क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. मग रॉड अगदी वर आणून दोन्ही हातांनी धरला. आडवा थोडा हलला. ते चालतं, बाजूला तेवढी फट ठेवलेलीच असते. मग सरळ वर ओढून खाली दाबला. टक्. हातालाच कळलं.

"धर तू," मामा पोराला म्हणाले. त्यानं ओढून बघितला. पुन्हा टक्.

मी तेल पांढऱ्या ताटलीत सोडलं होतं. तळाशी उन्हात चमकणारा बारीक भुगा बसला होता.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा म्हणायचे, खालून आवाज येतोय. मी म्हणायचो, तुम्हाला नीट ऐकू येत नाही."

मामा त्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "मागं कोण बसतं?"

"आई. सेलूच्या बाजाराला."

"पळत्या गाडीचा रॉड धरला, की मागचं चाक जाम होतं. मंग कॅम काय कामाचा?"

क्रँक परभणीला लेथवाल्याकडं गेला. पिन नवी, बुश नवा. प्रेसवर जोडून, डायल लावून सरळ करून आणला. पट्टीतले बहुतेक पैसे त्यातच गेले. कॅम जुनेच बसवले. मामा म्हणाले, "दोन माणसं अन् पोतं घेऊन कच्च्या रस्त्यानं जायचं तर खालच्या फेऱ्यांतली ओढ लागते. ती हेच देतात." पुण्याचं खोकं त्यानं मामांच्याच फळीवर ठेवलं.

गाडी सुरू झाली तेव्हा पोरगा बसला नाही. इंजिनाजवळ वाकून कान लावून उभा राहिला. आवाज एकसारखा, घट्ट येत होता.

"बाबांना ऐकू येत होतं," तो म्हणाला.

मामांनी फडक्यानं टाकी पुसली. "जा आता. पहिले पाचशे किलोमीटर पळवू नको. आईला सावकाश ने."