एकास सत्त्याऐंशी

साडेपाच फूट उंचीचा माणूस १:८७ या मापात १९ मिलिमीटरचा होतो. साडेएकोणीस मीटर लांबीचा मीटरगेजचा डबा साडेबावीस सेंटिमीटरमध्ये बसतो आणि स्टेशनमास्तरांच्या खोलीचं सात फुटी दार अडीच सेंटिमीटरला येऊन थांबतं. शाळकरी पोरालाही जमेल असा हा भागाकार आहे. घरात छोटी रेल्वे उभी करणाऱ्याचा पहिला आनंद या भागाकाराचा असतो, आणि पहिला पेचही तिथेच पडतो. सत्त्याऐंशीने भागता येते ती फक्त लांबी. वजन, रंग, धूळ, ऊन यांना हा भागाकार लागू होत नाही. या कामातली खरी कारागिरी तिथूनच सुरू होते.

मी धर्माबादचं जुनं स्टेशन करतो आहे, छोट्या लाइनच्या काळातलं. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला जाणारी ही लाइन १९०० च्या सुमारास टाकली गेली. निजामाच्या राज्यातली रेल्वे १९५० मध्ये भारतीय रेल्वेत आली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली, तेव्हा आपला भाग तिच्याकडे गेला. चालू शतकाच्या सुरुवातीला इथला मीटरगेज रूळ उखडून ब्रॉडगेज टाकला. मनमाडला जाणारी मराठवाडा एक्सप्रेस आता आपल्या धर्माबादहूनच सुटते, त्या सोयीचं मोल मला आहे. पण आजच्या कॉलेजातल्या पोरांनी इथे एक मीटर रुंदीचा रूळ पाहिलेलाच नाही. म्हणून मी हा काळ निवडला.

काळ निवडला की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. माझ्या टेबलावर ऐंशीच्या दशकाची सुरुवात आहे आणि महिना फेब्रुवारीचा. प्रवासी गाडीला वायपी इंजिन, मालगाडीला वायजी, दोन्ही वाफेची. गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा दाखवायचा नाही, कारण तो २०१३ मधला. मोबाइलचे टॉवर नाहीत, निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या नाहीत. फेब्रुवारी आहे म्हणून बाभळी हिरव्या, गवत पिवळं, आणि मालधक्क्यावर मिरची.

आधी रुळाचा हिशोब सांगतो, कारण नव्या माणसाची गाडी तिथेच अडते. जगभर सर्वांत जास्त चालणाऱ्या एचओ मापाचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतो. त्याला ८७ ने गुणा, युरोप-अमेरिकेचा ४ फूट साडेआठ इंची रूळ मिळतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून भारतीय ब्रॉडगेजचा डबा तयार एचओ रुळावर ठेवला, की वरचा देह रुंद आणि पाय जवळजवळ असे दिसतात. मीटरगेजवाल्याचं नशीब त्या मानाने चांगलं. बारा मिलिमीटरचा रूळ स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी तयार मिळतो, आणि खऱ्या मापाशी त्याचा फरक अर्ध्या मिलिमीटरचा. लातूरकडच्या कुणाला बार्शी लाइट रेल्वे करायची असेल तर त्याचं नशीब आणखी चांगलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचलेली ती लाइन ७६२ मिलिमीटरची. एन मापाचा नऊ मिलिमीटरचा रूळ तिला जवळपास तंतोतंत बसतो. फक्त त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात, ते काढून आपले आपण बसवायचे.

रूळ मिळाला, तरी वळण मिळत नाही. मीटरगेजचं सर्वांत आखूड वळण १६ अंशांचं, म्हणजे १०९ मीटर त्रिज्येचं. ते माझ्या मापात सव्वा मीटर होतं. गाडी फिरून परत यायची तर अडीच मीटर रुंद टेबल लागेल, आणि घरातल्या माणसांनाही त्याच खोलीत वावरायचं असतं. म्हणून दोन्ही टोकांची वळणं अर्ध्या मीटर त्रिज्येची केली आणि कडुनिंबांच्या रांगेआड, पडद्यामागे घातली. डोळ्यांसमोर येतो तो सरळ रूळच. लांबीलाही कात्री लागते. तीनशे मीटरचा फलाट धरला तर साडेतीन मीटर फलाटातच जातात. इथे मी एक नियम पाळतो: रिकामी लांबी कापायची, कामाची लांबी कापायची नाही. फलाटाचं ओसाड टोक निम्मं केलं तर स्टेशनाचं काही बिघडत नाही. पण मालधक्का आणि वॅगनचं दार यांच्यातलं अंतर पूर्ण मापाचं हवं, कारण त्या अंतरावर फळी टाकून हमाल चालत असतो. ते अंतर कमी-जास्त झालं की त्याचं पाऊलच खोटं पडतं.

वजनाचं तर गणितच निराळं. तीस टनांचा डबा तिन्ही बाजूंनी ८७ पट लहान केला तर त्याचं वजन भरतं ४६ ग्रॅम. एवढा हलका डबा सांध्यावरून उडतो, वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने यासाठी ठोकताळा दिला आहे: एचओ मापात सुरुवातीला एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. त्या हिशोबाने माझा डबा दीडशे ग्रॅमचा व्हायला हवा, म्हणजे मापाच्या तिप्पट. मी डब्याच्या तळाशी, बोगींच्या मधोमध, शिशाच्या पट्ट्या चिकटवतो. वजन जितकं खाली, तितकी चाल शांत. वेगाला मात्र भागाकार मान्य आहे. ताशी ५० किलोमीटरची गाडी टेबलावर सेकंदाला सोळा सेंटिमीटर गेली पाहिजे. हे फार सावकाश वाटतं, हात आपोआप वेग वाढवायला जातो. त्याला आवर घालून गाडी या वेगाने सोडली, की वायपीची जेमतेम सोळा मिलिमीटरची चाकं आणि त्यांना जोडणारे दांडे प्रत्येक फेऱ्याला वेगळे दिसू लागतात. तो क्षण मला अजूनही मोहवतो.

रंगाचा नियम मला अंतराने शिकवला. टेबलाकडे आपण साधारण पाऊण मीटरवरून बघतो. त्याला ८७ ने गुणलं तर खऱ्या स्टेशनाकडे ६५ मीटरवरून बघितल्यासारखं होतं. स्टेशनासमोर ६५ मीटरवर उभं राहा आणि डोळे बारीक करून बघा. फिशप्लेटचे बोल्ट दिसत नाहीत, विटांचे सांधे दिसत नाहीत. दिसतो तो छपराच्या कौलांवरचा धुरकट थर, गंजलेल्या रुळाची तपकिरी कूस आणि वरची चकाकती रेघ. मधल्या हवेने प्रत्येक रंगातला जोर काढून घेतलेला असतो. म्हणून कुठलाही रंग डबीतून थेट लावायचा नाही, त्यात थोडा राखाडी, थोडा मातकट पांढरा मिसळायचा. जे ६५ मीटरवरून दिसत नाही ते करण्यात जीव घालवू नये, आणि जे दिसतं त्यात कसूर करू नये.

खडीची गोष्ट चाळण्यांची. रुळाखालची खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची, म्हणजे माझ्याकडे पाऊण मिलिमीटर. काळ्या दगडाची कच रव्याच्या चाळणीतून काढायची, मग मैद्याच्या चाळणीतून बारीक भुकटी खाली पाडून टाकायची. वर राहते ती खडी. ती कोरडीच स्लीपरांच्या मधे ब्रशने बसवायची, पाण्यात साबणाचा थेंब टाकून फवारा मारायचा आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं. भुकटी चाळून टाकणं महत्त्वाचं, कारण खरी धूळ इथे धूळ राहत नाही. दशांश मिलिमीटरचा कण या मापात नऊ मिलिमीटरचा खडा दिसतो. झाडांसाठी वाळलेल्या तुळशीच्या फांद्यांइतकी चांगली वस्तू मला विकतच्या सामानात सापडलेली नाही. तिची शेंड्याकडे फुटत जाणारी बारीक काडी कडुनिंबाला शोभते. बाभळीसाठी सुतळीचे धागे तारेत पिळून आडवे पसरायचे.

आपल्याकडचं ऊनही टेबलाला सोडत नाही. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर चार मीटर लांबीचा निकेल सिल्व्हरचा रूळ दोन मिलिमीटरने वाढतो. जोडांमध्ये फट ठेवली नाही तर रूळ कमान टाकतो. आणि जोडातून वीज जाईल या भरवशावर राहू नये, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार सोल्डर करावी.

आता सिग्नलकडे येतो, कारण त्याने मला या कामाचं मर्म दाखवलं. हाताचा सिग्नल करायचा म्हणून मी कागदावर मापं मांडत होतो: लाल हात, त्यावर पांढरा पट्टा, खांब, शिडी. आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक चाचा राहतात, उमेदीची वर्षं केबिनमध्ये काढलेले. त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बेटा, ड्रायव्हर सिग्नल पुढून बघतो. मास्तर कुठून बघतो?”

मी म्हणालो, “स्टेशनातून. म्हणजे मागून.”

“मग मागून त्याला काय दिसायला पाहिजे?”

आणि त्यांनी समजावलं. रॉकेलच्या त्या दिव्याला मागच्या बाजूने एक बारीक भोक असतं. हात आडवा असताना त्यातून पांढरा ठिपका दिसतो, हात पडला की तो झाकला जातो. अंधाऱ्या रात्री मास्तरांना त्या ठिपक्यावरून दोन गोष्टी कळतात: दिवा जळतो आहे आणि सिग्नल थांबाच सांगतो आहे. पुढे त्यांनी असंही सांगितलं की हिरव्या उजेडासाठी काच निळसर लावलेली असते. रॉकेलची ज्योत पिवळी, पिवळ्यात निळं मिळालं की लांबून हिरवं दिसतं. उन्हाळ्यात दुपारी सिग्नलची तार लांबते, मग केबिनमधून ती कसावी लागते, नाहीतर हात पुरता पडत नाही.

यातलं काहीही फोटोवरून मोजता आलं नसतं. मी मग दिव्याच्या मागे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोक पाडलं, शोभेच्या दिव्यातल्या प्रकाशतंतूचा एक धागा त्यात ओवला आणि पिवळसर एलईडीला मोठा रेझिस्टर लावून उजेड रॉकेलाइतका मंद केला. समोरच्या चकतीत निळसर फिल्म घातली. दिवसा हे कुणालाच दिसत नाही. संध्याकाळी खोलीतला दिवा घालवला की मास्तरांच्या खिडकीच्या रेषेत डोळा नेणाऱ्याला दिसतं.

मिरचीच्या धक्क्यावरही असंच झालं. मिरचीचे ढीग तिखटाचे करू नयेत. तो रंग उतरतो आणि कीड लागते. लाकडाचा बारीक भुसा रंगवून मी ते करतो, लालात थोडा तपकिरी घालून, कारण निखळ लाल असला तर सगळ्या स्टेशनाला तो एकटाच झाकून टाकतो. पण ढिगांपेक्षा माणसं अवघड. जर्मनीतल्या प्राइझर कंपनीची माणसं सुबक मिळतात, पण ती टोपी-कोटातली. त्यांचे कोट तासून, टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून धोतरं आणि लुगडी नेसवावी लागतात. देठ खुडणाऱ्या बायांचा पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला हवा, तिखटाची धांस चुकवायला. आणि हमालाची पाठ! मिरचीचं पोतं फुगलेलं पण हलकं, ज्वारीचं आटोपशीर पण जड. मिरचीवाला हमाल जवळजवळ ताठ चालतो, ज्वारीवाला कमरेतून वाकतो. मोंढ्यात उभं राहून तासभर बघितल्याशिवाय हा फरक हाताला कळत नाही. १९ मिलिमीटरच्या माणसात तो दिसतो का? दिसतो. पाठीचा कोन लांबूनही डोळ्यांना कळतो.

पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. उड्डाणपूल, सर्कस, तरणतलाव, उघड्यावरचं चित्रपटगृह, आणि या सगळ्यांतून सिग्नल पाळत धावणाऱ्या गाड्या. या छंदाला महाराष्ट्रात घर मिळवून दिलं ते त्यांनी. त्यांचं शहर कल्पनेतलं आहे आणि ते तसंच हवं, तिथे आलेल्या पोरांचे चेहरे बघितले की पटतं. पण प्रत्येक गावाला स्वतःचं स्टेशनही असतं, आणि ते कुणा दुसऱ्या गावचा माणूस येऊन करणार नाही.

म्हणून जे या कामात येऊ बघतात त्यांना मी इंजिन घ्यायला सांगत नाही, टेप आणि वही घ्यायला सांगतो. उमरी, करखेली, मुदखेड, जिथे राहता तिथे स्टेशनमास्तरांची परवानगी घ्या आणि जुनं जे काही उभं असेल त्याची मापं उतरवा: मालधक्का, क्वार्टर, पाण्याची टाकी, फलाटाचा दगड. मग ज्यांनी तिथे नोकरी केली त्यांच्याकडे जा आणि काय कसं होतं एवढंच विचारू नका, कोण कुठून बघायचं तेही विचारा. मापं वहीत असली तर प्रतिकृती दहा वर्षांनीही करता येते. माणसांना विचारायला मात्र उशीर करू नका.