चोवीस तासांची खोली

माझ्या टेबलाच्या खणात लाकडाचा एक ठोकळा आहे. चार बोटं रुंद, सालाच्या लाकडाचा, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. त्यावर तापल्या सळईनं डागलेला 7 हा आकडा आहे. रायपूरजवळच्या भनपुरीतल्या एका लॉजच्या किल्लीला तो बांधलेला असायचा. लॉजच्या मागेच आरा मशीन होती, तिथल्या कापाकापीतून उरलेल्या तुकड्यांचे हे ठोकळे. किल्ली खिशात घालून कुणी गावाला निघून जाऊ नये म्हणून मुद्दाम जड ठेवलेले.

1987 पासून दहा-बारा वर्षं मी जवळजवळ दर महिन्याला भनपुरीला जात होतो. नागपूरच्या एका दुकानासाठी बेअरिंग, पट्टे, आऱ्याची पाती यांच्या ऑर्डरी घ्यायच्या. भनपुरी म्हणजे बिलासपूर रस्त्यावरची कारखान्यांची वस्ती. आरा मशिनी, भाताच्या गिरण्या, ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आणि रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभे ट्रक. आमचं गिऱ्हाईक सगळं तिथंच.

नागपूर ते रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीत बसायचं. गोंदिया गेलं, दरेकसाचा बोगदा गेला, की डोळा लागायचा. डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग झोपेतच मागे पडायचं आणि पहाटे चार-साडेचारला रायपूर. स्टेशनाबाहेर टेम्पोत दाटीवाटीनं बसून फाफाडीह, खमतराई करत भनपुरी. त्या वेळी रस्त्यावर दोनच वास असायचे, ओल्या लाकडी भुशाचा आणि डिझेलचा.

लॉजचा दरवाजा उघडाच असायचा. बाकावर मॅनेजरकाका झोपलेले असायचे. ते रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. नागपूरकर बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरं रुजत गेली. काकांचं घर त्यांतलंच जुनं. मराठी बोलायचे, पण तिला छत्तीसगडी हेल. "बस बाबू, आधी पाणी पी," म्हणायचे आणि मग लांबलचक रजिस्टर उघडायचे. नाव, वडिलांचं नाव, कुठून आलात, कशासाठी, पुढे कुठे जाणार. शेवटच्या रकान्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहायचे, 4 वाजून 50 मिनिटं. "आत्तापासून तुझे चोवीस तास."

या एका वाक्यावर माझी सगळी फेरी चालायची. पाच वाजता अंग टेकायचं, आठला उठून चौकात पोहे-जिलेबी, मग दिवसभर गिरण्या आणि आरा मशिनी. संध्याकाळी ऑर्डरी वहीत उतरवून जेवण, झोप, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला निघायचं. खोलीचे भरायचे एकाच दिवसाचे. दुकानाकडून भत्ताही एकाच दिवसाचा मिळायचा, तो बरोबर पुरायचा. ट्रकवाले, भात विकायला आलेले शेतकरी, मेकाहारात म्हणजे रायपूरच्या सरकारी इस्पितळात पेशंटला भेटायला आलेले नातेवाईक, सगळ्यांचा हिशेब याच पद्धतीचा. ज्याला खोलीही परवडत नसे त्याला हॉलमधली नुसती खाट मिळायची. उशाला स्वतःची पिशवी, वर मच्छरदाणी.

त्या खोलीचं कौतुक करताना तिच्या उणिवा झाकणार नाही. लोखंडी खाट, सतरंजीवर पातळ गादी, संडास कॉमन आणि मजल्याच्या टोकाला. नळाला पाणी ठरलेल्या वेळी, गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे. उन्हाळ्यात पंख्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन झोपायचं. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे तिथं एकटी बाई उतरलेली मी कधीही पाहिली नाही. आम्हीही आमच्या घरातल्या कुणाला तिथं एकटं पाठवलं नसतं.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि सगळं भराभर बदललं. रस्ता रुंद झाला, उरला-सिलतराकडे कारखाने वाढले, इमारती उंच झाल्या. आमचं लॉज पाडलं, तेव्हा काकांच्या मुलानं आठवण म्हणून हा ठोकळा मला दिला.

गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या मुलाखतीसाठी तिच्यासोबत पुन्हा रायपूरला गेलो. खोल्या तिनंच मोबाइलवर घेतल्या. नव्या हॉटेलच्या खोलीत पांढरीशुभ्र चादर, खोलीतच स्वच्छ संडास, नळाला गरम पाणी, दाराला आतून भक्कम कडी, बाहेर कॅमेरे. पुढच्या खेपेला ती एकटी आली आणि तिथंच राहिली. आईला रात्री फोन करून निश्चिंत झोपली. हा बदल मी मनापासून डोक्यावर घेतो. यासाठी दहा जुनी लॉजं पाडावी लागली तरी मला हरकत नाही.

पण त्या पहिल्या खेपेला आम्ही पोहोचलो पहाटे पाचला. काउंटरवरच्या मुलानं आधार कार्डं घेतली, अदबीनं सांगितलं, "सर, चेक-इन दुपारी बाराचं आहे." खोल्या रिकाम्या होत्या, पण आत्ता हव्या तर आणखी एका दिवसाचे पैसे. मुलाखत अकराला. पुतणीनं लॉबीच्या बाथरूममध्ये तोंड धुतलं, तिथंच साडी नेसली. आमच्या शेजारी एक म्हातारा शेतकरी मुलाच्या एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तोही बारा वाजण्याची वाट बघत होता. बसल्या बसल्या त्याची मान कलत होती.

तेव्हा मला कळलं, आपण काय गमावलं. पूर्वी दिवस उतारूच्या पावलांपासून मोजला जायचा. आता तो हॉटेलच्या घड्याळापासून मोजतात. श्रीमंताला यानं फरक पडत नाही, तो दुपारच्या विमानानं येतो. फरक पडतो तो पहाटेच्या गाडीनं येणाऱ्याला, आणि गरीब माणूस रात्रीचाच प्रवास करतो, कारण त्यात त्याचा एक मुक्काम वाचतो. तो वाचलेला मुक्काम आपण बारा वाजताच्या नियमानं त्याच्याकडून काढून घेतला. कराचंही तसंच. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा हजार रुपयांखालच्या खोलीला तो लागू नव्हता. 18 जुलै 2022 पासून तिलाही 12 टक्के लागले. सप्टेंबर 2025 मध्ये ते 5 वर आले, पण पूर्वीची माफी परत आली नाही.

येण्याच्या वेळेपासून दिवस मोजणं अवघड नाही. रेल्वेच्या विश्रामगृहात बारा तासांच्या हिशेबानं खोली मिळते. पूर्वी काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हाताने वेळ लिहायचे, आता तर संगणक आहे. कोणती खोली कधी रिकामी होणार हे त्याला काकांपेक्षा चांगलं कळतं.

म्हणून छोटी हॉटेलं चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. स्वच्छ चादर राहू द्या, कॅमेरे राहू द्या, दाराची भक्कम कडी तर नक्कीच राहू द्या. फक्त पहाटे दारात उभ्या असलेल्या माणसाला आधी पाणी द्या, आणि रजिस्टरमध्ये त्याच्या येण्याची वेळ लिहून तिथून चोवीस तास मोजा.